पेरूचे चीज आणि मागचे दार

धागा लांब आहे. यात लढाई नाही, किल्ला नाही. तह एकच आहे आणि तोही ओझरता येईल. बाकी सगळे स्वयंपाकघरातले. ज्यांना नुसत्या सनावळ्या हव्या आहेत त्यांनी मधले परिच्छेद ओलांडून जावे, राग नाही.

गेल्या डिसेंबरात मुलगा, सून आणि नातू महिनाभरासाठी मरोळच्या घरी आले. सून साओ पावलोची. नातवाचा चौथा वाढदिवस इथेच करायचा ठरले होते. ती आली त्याच संध्याकाळी, शेजारच्या गावठाणातून मावशींनी एक लहानसा डबा पाठवला. मावशी म्हणजे नात्याने कोणी नव्हेत. चौपन्न वर्षांच्या शेजाराने झालेल्या मावशी. ईस्ट इंडियन, वय एक्क्याऐंशी. डब्यात शंकरपाळ्याच्या आकारात कापलेल्या तांबूस, चिवट वड्या होत्या. सुनेने एक तुकडा तोंडात टाकला आणि चावणेच थांबवले. मग म्हणाली, “गोयाबादा!” पुन्हा एकदा, हळू, जणू स्वतःलाच सांगत असल्यासारखे, “आई, ही गोयाबादा आहे.”

मी म्हटले, हे पेरूचे चीज. त्यात चीज नाही, नाव तेवढे तसे आहे. नाताळात करतात.

दोघींचेही बरोबर होते. तो पदार्थ एकच होता, आणि तो अंधेरीत कसा आला व साओ पावलोत कसा गेला, हे शोधताना मला माझ्याच घरातली एक जुनी गोष्ट उकरावी लागली. ती शेवटी सांगते, आधी इतिहास.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने वसईच्या तहान्वये वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात मुंबईची बेटे होती आणि साष्टीही होती. आजचे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हे सारे त्या साष्टीच्या पोटातले. पुढची दोनशे वर्षे हा पोर्तुगीजांचा ‘उत्तर प्रांत’ होता आणि वसई त्याची राजधानी. बोरिवलीला मंडपेश्वरच्या शैव लेण्यांच्या डोक्यावर फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाचे अवशेष अजून उभे आहेत. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, सीप्झच्या कुंपणाच्या आत, १५७९ साली जेझुइटांनी बांधलेल्या चर्चच्या भिंती आहेत. १८४० च्या सुमारास साथीमुळे ते सोडून लोक मरोळला सरकले. आत संगणकांच्या कंपन्या, दागिन्यांचे कारखाने, आणि मधोमध छप्पर नसलेले चर्च. मी नोकरीत असताना कितीदा त्या रस्त्याने गेले असेन, कधी मान वळवून पाहिले नाही.

१७३७ ला मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, हे या पानाच्या वाचकांना पाठ आहे. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी बळकावली. राज्ये बदलली, माणसे तिथेच राहिली. भात पेरत, मासे धरत, मराठीची आपली बोली बोलत आणि पोर्तुगीज आडनावे लावत. इंग्रज अमदानीत गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती मंडळी नोकऱ्यांसाठी येऊ लागली, तेव्हा या मूळ रहिवाशांनी आपले वेगळेपण दाखवण्यासाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्यांची संस्था स्थापन झाली. इथल्या मातीतल्या सर्वांत जुन्या लोकांचे नाव एका परदेशी व्यापारी कंपनीवरून पडावे, हा इतिहासाचा विनोद मला नेहमीच थोडा बोचतो.

आता पेरू. पेरू मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. पोर्तुगीजांनी तो इकडे आणला. कोकणीत त्याला ‘पेर’ म्हणतात, आणि पोर्तुगीज भाषेत ‘पेरा’ म्हणजे नाशपाती. पोर्तुगालात ‘मार्मेलो’ नावाचे एक तुरट, कठीण फळ असते. ते साखरेत आटवून त्याचा घट्ट गोळा करत, त्याला ‘मार्मेलादा’ म्हणत. इंग्रजांचा मार्मालेड हा शब्द त्यातूनच आला. ब्राझीलमध्ये गेलेल्या पोर्तुगीज बायकांना मार्मेलो मिळेना. पेरू मात्र अंगणात पिकून पडत होता आणि साखरेला तोटा नव्हता. त्यांनी तीच कृती पेरूवर केली आणि ती गोयाबादा झाली. गोव्यात तिलाच ‘पेराद’ म्हणतात आणि साष्टीत पेरूचे चीज. एका हुकलेल्या फळाच्या आठवणीने केलेली सोय दोन महासागरांपलीकडे दोन ठिकाणी परंपरा होऊन बसली. ब्राझीलमध्ये गोयाबादेचा तुकडा खऱ्याखुऱ्या पांढऱ्या चीजवर ठेवून खातात आणि त्या जोडीला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हणतात. सुनेने हे सांगितल्यावर मी पनीरवर ठेवून पाहिले. वाईट नाही लागत.

वाढदिवसाची यादी सुनेने लिहून दिली. तिकडे वाढदिवसाला गोड आणि तिखटमिठाचे लहान लहान पदार्थ करतात, एका घासाचे, आणि बाहेरून मागवायचे तर शेकड्याने मागवतात. दोनशे ब्रिगादेरो, शंभर बेजिन्यो, शंभर कोशिन्या. आमच्या दोन बर्नरच्या शेगडीकडे पाहून मी तो आकडा निम्म्यावर आणला.

ब्रिगादेरो म्हणजे आटवलेले गोड दूध, कोको आणि लोणी मंद आचेवर ढवळत घट्ट करायचे, गार झाले की हाताला लोणी लावून गोळ्या वळायच्या आणि त्या चॉकलेटच्या शेवेत घोळवायच्या. नावाचा अर्थ ब्रिगेडियर. १९४५ च्या डिसेंबरात ब्राझीलमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ब्रिगेडियर एदुआर्दो गोमिस हे एक उमेदवार होते. दिसायला देखणे आणि अविवाहित. ब्राझीलच्या स्त्रियांना मताधिकार १९३२ मध्ये मिळाला होता. गोमिस यांच्या समर्थक बायकांनी प्रचारासाठी ही मिठाई केली आणि तिला त्यांचे नाव दिले, असे सांगतात. गोमिस हरले. लाडू जिंकला.

डब्यातले ते दूध आणायला सुनेबरोबर मरोळ नाक्याच्या दुकानात गेले. तिने मिल्कमेडचा डबा हातात घेतला आणि हसू लागली. डोक्यावर दुधाची घागर घेतलेली ती बाई! ब्राझीलमध्ये तीच बाई ‘मोसा’, म्हणजे तरुणी, या नावाने शंभर वर्षे डब्यावर उभी आहे. तिथला नेस्लेचा पहिला कारखाना १९२१ साली साओ पावलो प्रांतात आरारास येथे निघाला. आपल्याकडचा १९६१ साली पंजाबात मोगा येथे. पण त्याहून जवळचे नाते दुधाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्राझीलने भारतातून गुरे नेली. आपली गीर गाय तिकडे इतकी रुजली की तिच्या आणि होल्स्टीन गुरांच्या संकरातून झालेली ‘जिरोलांदो’ ही जात आज त्या देशाच्या दुधाचा मोठा आधार आहे. म्हणजे साओ पावलोच्या ब्रिगादेरोत काठेवाडचा अंश आहे.

आमचा पहिला घाणा फसला. मी आपली नारळाच्या वड्यांच्या सवयीने कडा सुटू लागताच गॅस बंद केला. ते मिश्रण रात्रभर थंड करूनही वळता येईना. नातवाने ते चमच्याने खाल्ले. ढवळताना कढईचा तळ स्वच्छ दिसावा, आणि दोन क्षण तसाच दिसत राहावा, ही खूण सुनेने दुसऱ्या घाण्याला शिकवली.

बेजिन्यो म्हणजे ‘छोटी पापी’. आटवलेले दूध, खोबऱ्याचा कीस, वर एक लवंग खोचलेली. मी ती लवंग पाहिली आणि आईच्या नारळीभाताची आठवण झाली. नारळ ब्राझीलचा नव्हे. तो आपल्या बाजूच्या समुद्रातला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात केप व्हर्दे बेटांमार्गे तो तिकडच्या किनाऱ्यावर लावला. उलट दिशेने काजू आला. तुपी लोकांचा ‘आकाजू’, पोर्तुगीजांचा ‘काजू’, आपलाही काजूच. अननसही त्यांच्याचकडचा शब्द. शेंगदाणा, मिरची, बटाटा, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, सगळे अमेरिकेचे. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत जिरे, तूप आणि खोबरे सोडले तर काही उरत नाही, हे मी एकदा नणंदेला सांगितले होते. तिने अजून मनावर घेतलेले नाही. (त्याच कसाव्याच्या पिठाचे चीज घातलेले छोटे पाव सुनेच्या यादीत होते. पीठ न मिळाल्याने मी साबुदाणा दळला. त्याविषयी अधिक लिहीत नाही. भांडे दोन दिवस भिजत होते.)

कोशिन्याने मात्र मला मान मिळवून दिला. कोंबडी शिजवलेल्या पाण्याला उकळी आणायची, त्यात मैदा एकदम ओतायचा, घोटायचा, झाकण ठेवायचे आणि गरम असतानाच मळायचा. सून हे मोबाइलवर पाहून घाबरत करत होती. मी म्हटले, बाजूला हो, ही तर उकड आहे! हाताला पाणी लावून पारी केली, आत तिखट सारण भरले, वर निमुळते टोक काढले. मोदकाला कळ्या न पाडता त्याचे नाक लांब ओढावे, तसा तो आकार. तिकडे त्याला कोंबडीची तंगडी म्हणतात. अंड्यात आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळले. सुनेने फोटो काढून तिच्या आत्याला पाठवला. आत्याने विचारले, कोणत्या दुकानातून आणलेस?

मावशींनी त्या दिवशी खुर्ची घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसून फुगे केले. मैदा, अंडी, नारळाचे दूध. पूर्वी फुगवायला ताडी घालत. सैल पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांमधून पिळून काढायचे आणि तेलात सोडायचे. त्यांचे हात आता थरथरतात, पण पीठ सुटताना थरथर थांबते. सुनेने एक उचलला, दालचिनी-साखरेत बुडवला आणि म्हणाली, आमच्याकडे पावसाच्या दिवसांत हे करतात, ‘पावसाचे गोळे’. मावशी म्हणाल्या, आमच्याकडे लग्नात, मटणाबरोबर. दोघींची सामायिक भाषा म्हणजे मोडके इंग्रजी आणि तेलातले फुगे.

या सगळ्या गोडाच्या मुळाशी साखर आहे, आणि तिच्याविषयी न बोलता हा धागा पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे उसाचे मळे आणि घाणे गुलामांच्या श्रमांवर चालले. आफ्रिकेतून आणलेल्या सुमारे ४८ लाख माणसांना त्या एका देशाच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. जगात दुसऱ्या कोणत्याही देशात इतके नाहीत. तिथली गुलामगिरी संपली १३ मे १८८८ रोजी, म्हणजे इकडे ईस्ट इंडियन संस्था स्थापन झाल्याच्या पुढच्या वर्षी. किंदीं नावाची एक मिठाई आहे, अंड्यांचे बलक, साखर आणि खोबरे यांची, आरशासारखी चकाकणारी. बलकांची रीत पोर्तुगालच्या मठांतली, खोबरे आपल्या समुद्रातले आणि नाव आफ्रिकेतल्या बंटू भाषांतून आलेले, असे मानतात. ती मिठाई करणारे आणि रस्त्यांवर विकणारे हात बहुतेक काळ्या बायकांचे होते. ती आम्ही केली नाही. सून म्हणाली, ती आजीच्या हातचीच चांगली.

आता माझ्या घरची गोष्ट.

आम्ही १९७१ साली मरोळला राहायला आलो, तेव्हा मी आठ वर्षांची होते. गावठाणात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पहिल्याच नाताळात मावशींकडून क्रोशाच्या रुमालाने झाकलेली थाळी आली. काट्यावर वळलेले कुलकुल, नेवऱ्या, दुधाच्या वड्या, केक, पेरूचे चीज. आईने दोन्ही हातांनी थाळी घेतली, गोड बोलली, दिवाळीच्या फराळाची आठवण काढली. दार लागल्यावर तिने थाळीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पदार्थ भांडी घासायला येणाऱ्या बाईंना दिले आणि थाळी चिंचेने घासून, तीत साखर घालून परत पाठवली. दर वर्षी असेच झाले. मला कारण सांगितले गेले ते अंड्याचे. खरे कारण मी आजीच्या तोंडून ऐकले होते: “पाव खाऊन बाटलेली माणसं ती.”

विहिरीच्या पावाची कथा वसई-साष्टीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाद्री रात्री विहिरीत पाव टाकत, सकाळी नकळत पाणी प्यालेले गाव बाटलेले ठरे. आपल्या गटातले लोक ही कथा पोर्तुगीजांच्या कपटाचा पुरावा म्हणून सांगतात. पोर्तुगीजांनी देवळे पाडली, सक्ती केली, लालूच दाखवली, हे खरेच आहे आणि मी ते अनेकदा लिहिले आहे. पण ही कथा नीट ऐका. पाव विहिरीत टाकल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. त्यासाठी काठावर उभे राहून ‘तू आता आमच्यातला नाहीस’ असे म्हणणारे कोणीतरी लागते. ते म्हणणारे पाद्री नव्हते. आमच्या घरची थाळी चिंचेने घासली गेली, तेव्हा वसई पडून दोनशे बत्तीस वर्षे झाली होती.

हे मी मावशींना कधी सांगितले नव्हते. आई जाऊन अकरा वर्षे झाली. वाढदिवसाच्या आदल्या रात्री, आम्ही दोघी गोळ्यांसाठी कागदाच्या वाट्या उलगडत बसलो असताना, कसे कोण जाणे, तोंडातून गेले. म्हटले, मावशी, तुमची थाळी आमच्याकडे कधी खाल्ली गेली नाही.

त्यांनी वाटी उलगडणे थांबवले नाही. “माना ठाव होता, बाय,” म्हणाल्या. घासलेली थाळी बघूनच कळायचे. खाल्लेल्या घरची थाळी इतकी चकचकीत परत येत नाही. मग जरा वेळाने म्हणाल्या, “पेरूचा चीज मात्र तुजी आय खायाची. मागल्या दारान उबी ऱ्हावून.”

मला वाटले, वयामुळे त्यांची काही गल्लत होते आहे. पण त्यांनी सांगितले ते असे: तिसऱ्या की चौथ्या वर्षी दुपारी आई रिकामी थाळी परत द्यायला गेली, तेव्हा मावशी चुलीपुढे चीज ढवळत होत्या. आईने विचारले, यात अंडे असते का? नाही म्हणताच तिने परातीच्या कडेला लागलेले बोटाने घेतले. त्यानंतर दर वर्षी ती चीज होण्याच्या दिवशी मागच्या दाराने जायची, उभ्याउभ्या एक वडी खायची, तोंड धुवायची आणि घरी यायची. आजीला कळू नये म्हणून. नंतर आम्हाला कळू नये म्हणून. आजी गेल्यावरही तिने पुढचे दार धरले नाही. मावशी तिच्यासाठी कडेचे तुकडे वेगळे ठेवत.

मी आईला पन्नास वर्षे एका बाजूने ओळखत होते. आता तिच्यावर रागवावे की तिची कीव करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ज्या बाईंना आम्ही ते पदार्थ देत होतो, त्यांच्याविषयी तर मला काहीच ठाऊक नाही. त्यांना पेरूचे चीज आवडत होते का, हेही कोणी विचारले नाही.

मावशींची मुले कॅनडात आहेत. गावठाणातल्या त्यांच्या घराभोवती तिन्ही बाजूंनी टॉवर उठले आहेत आणि घराविषयी बोलणी चालू आहेत. गेल्या नाताळात त्या म्हणाल्या, यंदा ढवळणे जमायचे नाही. म्हणून सून आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. पुढच्या दाराने. दोन किलो पेरू वाफवले, चाळणीवर घोटून बिया काढल्या. जेवढा गर तेवढी साखर, वजनाने. दोन लिंबांचा रस, शेवटी लोण्याचा गोळा. सून म्हणाली, तिच्याकडे पेरू आतून लाल असतो, म्हणून रंग लागत नाही. आपल्याकडचा पांढरा, म्हणून मावशी चिमूटभर रंग घालतात. पाळीपाळीने पाऊण तास ढवळले. गर उडून मनगटावर चटके बसतात; सुनेने जुने पायमोजे हातात घातले, ही युक्ती तिच्या आजीची.

लोणी लावलेल्या थाळीत ओतून पसरले, गार झाल्यावर कापले. मावशींनी कडेचा तुकडा घेतला, बराच वेळ चघळला आणि सुनेकडे पाहत इंग्रजीत म्हणाल्या, दहा मिनिटे आणखी ढवळायला हवे होते. मग बाकीचे कडेचे तुकडे एका वाटीत काढले, झाकण ठेवले आणि वाटी माझ्या हातात दिली.